नाताळच्या सुट्टीतले बंद घर : कोथरूडमधील एका घरफोडीचा अभ्यास

कोथरूडमधील बारा सदनिकांच्या एका जुन्या सोसायटीत नाताळच्या पहाटे दुसऱ्या मजल्यावरचे बंद घर फोडले गेले. पावणेअकरा तोळे सोने, देवघरातली चांदीची उपकरणी आणि अठरा हजार रुपये रोख असा ऐवज चोरीला गेला. सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर असल्यामुळे पंचनाम्यापासून न्यायालयातल्या अर्जापर्यंत या प्रकरणाशी माझा जवळून संबंध आला, आणि ओळख पटेल असा तपशील वगळून ते लिहावे, असे त्या कुटुंबाशी बोलूनच ठरले. वर्तमानपत्रांत अशी बातमी ‘बंद सदनिकेचा कडीकोयंडा उचकटून’ या ठरलेल्या शब्दांनी सुरू होते आणि चार ओळींत संपते. ती वाचणाऱ्याला वाटते की सगळे त्या रात्री घडले. प्रत्यक्षात आधीच्या दहा-बारा दिवसांत घरातल्या आणि सोसायटीतल्या माणसांनी साधे, त्या त्या वेळी शहाणपणाचे वाटणारे जे निर्णय घेतले, त्यांतूनच ती रात्र शक्य झाली.

सोने घरात का होते

घरात पती-पत्नी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मुलगी असे चौघे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. त्यांच्या पुतणीचे लग्न डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी होते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणून त्या घरातल्या वहिनींनी दोन दिवस आधीच अर्धी रजा टाकून लॉकरमधले दागिने घरी आणले. त्यांत सासूबाईंच्या चार तोळ्यांच्या पाटल्या, साडेतीन तोळ्यांचा राणीहार, दीड तोळ्याची बोरमाळ, एक तोळ्याची ठुशी आणि पाऊण तोळ्याचे झुमके होते. लग्न पार पडले. त्यानंतरच्या सोमवार ते शुक्रवार बँक उघडी होती आणि दागिने परत ठेवता आले असते. पण महिन्याभरात संक्रांत येणार, हळदीकुंकू करायचे, म्हणजे पुन्हा रजा टाकून तेच दागिने काढायचे. त्यापेक्षा राहू देत घरात, असे ठरले. पुण्यातल्या किती घरांत दर वर्षी डिसेंबर ते जानेवारी हाच हिशेब होत असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या घरावरून करावा.

लॉकर म्हणजे पूर्ण निर्धास्तपणा, असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेत चोरी, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच राहते. भाडे तीन हजार असेल, तर मिळणार जास्तीत जास्त तीन लाख, आणि आजच्या भावाने चार तोळ्यांच्या पाटल्यासुद्धा त्यात बसत नाहीत. ‘मग लॉकर तरी कशाला?’ असे यावर विचारणारे आमच्या सोसायटीतही आहेत. त्यांना मी एवढेच म्हणतो की, बँकेची तिजोरी कोणी घराच्या दारासारखी चार स्क्रू उपटून उघडत नाही.

निघतानाची तयारी

मुलीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली आणि शनिवारी पहाटे साडेचारला हे कुटुंब ताम्हिणी घाटाने गुहागरला निघाले. मराठी माध्यमाच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत मिळते. नाताळात गावाला जाणारी घरे बहुतेक इंग्रजी माध्यमाची. आमच्या बारांपैकी अशी तीन घरे त्याच आठवड्यात बंद होती आणि याची नोंद समितीतल्या कोणीही घेतली नव्हती. मीही नाही.

निघताना गॅसचा कॉक बंद केला होता, गीझरचा प्लग काढला होता, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवला होता आणि पेपरवाल्याला निरोप दिला होता. दूधवाल्यालाही सांगितले होते, पण नेहमीचा मुलगा सुट्टीवर गेला आणि बदली मुलापर्यंत निरोप पोहोचला नाही. त्यामुळे सेफ्टी डोअरच्या मुठीला अडकवलेल्या कापडी पिशवीत रोज सकाळी अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या पडत राहिल्या. शेजारच्या आजींनी पहिले दोन दिवस त्या काढून घेतल्या; मग थंडीने त्यांचे गुडघे धरले आणि त्या दाराबाहेर आल्या नाहीत. सोमवार आणि मंगळवारचे दूध पिशवीतच नासले, पण थंडीमुळे त्याचा वास सुटला नाही. उन्हाळा असता तर दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यातल्या कोणीतरी नाक मुरडून ती पिशवी उचलली असती.

बाल्कनीतला दिवा त्यांनी मुद्दाम चालू ठेवला होता. घरात कोणी आहे असे वाटावे, हा त्यामागचा हेतू. चार दिवस भर उन्हातही जळत राहिलेल्या त्या दिव्याने नेमके उलटे सांगितले.

दार

दाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आतल्या मुख्य दाराला लॅच होते, जे ओढले की लागते. बाहेरच्या जाळीच्या सेफ्टी डोअरला कडी-कोयंडा आणि त्यात सात लिव्हरचे भारी कुलूप. चोरीनंतर हे कुलूप जिन्यातल्या फरशीवर पडलेले सापडले. ते शाबूत होते. कडी आणि कोयंडा दोन्ही त्यात तसेच अडकलेले होते आणि कोयंड्याच्या चार भोकांतून चार स्क्रू लोंबत होते. प्रत्येक स्क्रू जेमतेम इंचभर लांबीचा, त्याच्या आट्यांमध्ये लाकडाचा पिवळट भुसा भरलेला. चौकटीवर कटावणी टेकवल्याचा बोटभर रुंदीचा दबलेला व्रण होता. एवढ्यानेच काम झाले होते. लॅच तर दाराच्या फटीतून पट्टी सरकवून ढकलता येते. तिथे व्रणसुद्धा नव्हता.

कुलपाची किंमत वाढवत नेली तरी ज्या चार स्क्रूंवर ते लटकते, ते घर बांधले तेव्हाचेच असतात. शिवाय बाहेर लटकणारे कुलूप जिना चढणाऱ्या प्रत्येकाला सांगते की आत कोणी नाही. दाराच्या जाडीत बसणारे, आतून आणि बाहेरून एकाच किल्लीने फिरणारे मॉर्टिस कुलूप बंद आहे की उघडे, हे समोरून कळत नाही. हा एक फरक चांगल्या-वाईट कुलपाच्या फरकापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे.

ती पहाट

सोसायटीच्या मागच्या बाजूची इमारत पुनर्विकासासाठी पाडली आहे. त्या बाजूची सामाईक भिंत गेली आणि तिच्या जागी निळे पत्रे उभे राहिले. रात्री तिथे काँक्रीटच्या गाड्या येतात, पत्रे वाजतात, माणसे बोलतात. पहिल्या आठवड्यात आम्ही तक्रारी केल्या आणि नंतर सवय झाली. त्यामुळे पत्र्यांच्या फटीतून दोघे आत आले, तेव्हा झालेला आवाज ऐकूनही कोणाला तो वेगळा वाटला नसता. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, खिडक्या बंद असतात आणि माणसे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतात. वॉचमन पुढच्या फाटकाजवळच्या केबिनमध्ये शाल गुंडाळून बसला होता. मागे फेरी मारण्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

चोरांनी कुलपाला हात लावण्याआधी त्या मजल्यावरच्या उरलेल्या तिन्ही दारांच्या बाहेरच्या कड्या घातल्या. ही बाहेरची कडी आपण गावाला जाताना कुलूप लावता यावे म्हणून ठेवतो. आपण घरात असताना ती कोणाच्या कामाची आहे, याचा विचार तोपर्यंत कोणी केला नव्हता.

पावणेसहाला आजी दूध घ्यायला उठल्या आणि त्यांना दार उघडेना. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर फोन केला : “अहो, जरा खाली येता का? माझं दार बाहेरून लागलंय.” वरचे गृहस्थ खाली आले, त्यांनी आजींची कडी काढली आणि वळून पाहिले तर समोरचे सेफ्टी डोअर उघडे. सव्वासहाला ११२ क्रमांकावर फोन गेला. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येईपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत मात्र आम्ही सात-आठ जण त्या घरात फिरून आलो. एका शेजारीणबाईंनी तर जमिनीवर पसरलेल्या साड्या पाहवत नाहीत म्हणून त्या घड्या घालून ठेवल्या. दहा वाजता आलेल्या ठसेतज्ज्ञांना उपयोगाचे ठसे फक्त कपाटाच्या चोरकप्प्याच्या आतल्या बाजूला मिळाले, कारण तिथे आमचा हात पोहोचला नव्हता.

पलंगावर जे दिसले ते मी विसरू शकत नाही. चादरीवर दागिन्यांच्या डब्या ओळीने उघड्या मांडलेल्या होत्या आणि मुलीचे नाचाचे दागिने, वहिनींचा ‘एक ग्रॅम’ म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला हार, मोत्यांची नथ हे सगळे बाजूला एका ढिगात ठेवले होते. घाईने उचकलेले ते घर नव्हते. कोणीतरी दिव्याखाली बसून खरे-खोटे निवडले होते.

संशय

कपाट फोडलेले नव्हते. चोरकप्प्याची किल्ली साड्यांच्या घडीखाली असायची, तिथूनच ती काढली होती. ‘किल्ली कुठे आहे हे माहीत असलेलाच कोणीतरी’, असे सकाळी आठच्या आत जिन्यात बोलले जाऊ लागले आणि बोट अर्थातच घरकाम करणाऱ्या मावशींकडे वळले. त्यांना चौकशीसाठी दोनदा पोलीस ठाण्यात जावे लागले. तपास करणारे उपनिरीक्षक मला म्हणाले की, पुण्यात कपाटाची किल्ली साड्यांखाली, देवघराच्या खणात नाहीतर कपाटाच्याच डोक्यावर असते, त्यासाठी घरचा माणूस लागत नाही. पुढे तपासातून मावशींचा काही संबंध नाही हे स्पष्ट झाले. पण आमच्या इमारतीतली दोन घरांची कामे त्यांनी सोडली, आणि ती दोन्ही घरे बोलण्यात पुढे होती.

दुसरे खापर मुलाच्या मोबाइलवरच्या स्टेटसवर फोडले गेले. गुहागरच्या किनाऱ्यावरचे फोटो त्याने पहिल्याच दिवशी टाकले होते. असे फोटो परतल्यावर टाकावेत हे खरे, पण या प्रकरणात त्यांचा हात नव्हता. नंतर पकडल्या गेलेल्या दोघांनी सांगितले ते फार साधे होते. त्यांनी दोन दिवस संध्याकाळी परिसरात चालत फिरून दिवा न लागणाऱ्या खिडक्या मोजल्या. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. साडेसहापासून नऊपर्यंत ज्या घराच्या खिडक्यांत उजेड होत नाही ते घर बंद, हा त्यांचा हिशेब, आणि थंडीत तो करायला त्यांना रोज अडीच तास मिळाले. मग त्यांतला एक जण दुपारी जिना चढून कुलूप व दुधाची पिशवी पाहून गेला. डोक्याला माकडटोपी, गळ्याला मफलर. डिसेंबरात अशा माणसाकडे कोण दुसऱ्यांदा पाहणार?

चुकलेले घड्याळ

सोसायटीच्या सीसीटीव्हीत दोघे जण ४ वाजून ३५ मिनिटांनी पत्र्यांकडून येताना दिसत होते. पोलिसांनी रस्त्यापलीकडच्या दुकानांचे याच वेळेच्या आसपासचे चित्रण तपासले आणि काहीच सापडले नाही. संपूर्ण दिवस गेल्यावर लक्षात आले की आमच्या डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ ५२ मिनिटे पुढे होते. वीज जाऊन आल्यावर ते कधीतरी बिघडले असावे. खरी वेळ ३ वाजून ४३ मिनिटांची होती, आणि त्या वेळेला समोरच्या कॅमेऱ्यात दुचाकी स्पष्ट दिसली.

वेळेला कायद्यातही वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीसाठी कलम ३०५ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घरफोडीच्या कलम ३३१ मध्ये मात्र दिवस आणि रात्र वेगळे धरले आहेत. चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चित्रण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आमच्या सेक्रेटरींनी सही करून दिले आणि घड्याळातला फरकही लेखी कळवला, ही आमच्याकडून झालेली एक बरी गोष्ट. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी जुळवून पाहिले जाते.

यादी

गुहागरहून रात्री परतलेल्या वहिनींना फिर्यादीसाठी यादी सांगायला बसवले, तेव्हा नाव आणि अंदाजे वजन याच्यापुढे त्यांना जाता येईना. पावत्या फक्त राणीहार आणि ठुशीच्या होत्या. पाटल्या सासूबाईंच्या, त्यांची पावती असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी पुतणीच्या लग्नाचा फोटोग्राफर उपयोगी पडला. अल्बम तयार व्हायचा होता, पण मूळ फोटो त्याच्याकडे होते; त्यांतल्या मेंदीच्या आणि ओटी भरण्याच्या फोटोंत वहिनींची मनगटे इतक्या जवळून आली होती की उजव्या पाटलीच्या फाशाजवळचा, सोनाराने कधीकाळी दुरुस्त केलेला सांधा त्यात दिसत होता. तो फोटो फिर्यादीला जोडला गेला.

ठुशी नवी होती. १ एप्रिल २०२३ पासून सराफांना सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. तिच्या पावतीवर हा क्रमांक छापलेला होता आणि तोच दागिन्यावरही कोरलेला असतो. राणीहाराच्या पावतीवरही तो होता, पण त्याचा शेवट वेगळा झाला.

विम्याचे थोडक्यात सांगतो. घराच्या कर्जाबरोबर त्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी घेतली होती आणि त्यात चोरी येते अशी त्यांची समजूत होती. आग, पूर, भूकंप अशी विमा-संरक्षित घटना घडल्यावर त्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी त्यात येते. नुसती घरफोडी येत नाही. तिच्यासाठी आणि दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते. दावा नाकारला गेला आणि कागद वाचल्यावर त्यात चूक काढता आली नाही.

त्यानंतर

सोसायटीने पत्र्यांच्या बाजूला दिवा आणि एक कॅमेरा लावून घेतला, त्याचा निम्मा खर्च बिल्डरकडून मिळाला. बाराही दारांच्या बाहेरच्या कड्या काढल्या. गावाला जाणाऱ्यांसाठी मॉर्टिस कुलपे आली, आणि ज्यांनी कोयंडा ठेवलाच, त्यांनी स्क्रूऐवजी आरपार नटबोल्ट घातले. बाहेरगावी जाणाऱ्याने शेजाऱ्याला आणि वॉचमनला सांगायचे, आणि शेजाऱ्याने संध्याकाळी आत जाऊन दिवा लावायचा व झोपताना बंद करायचा, असे ठरले आहे. यातले शेवटचे सर्वांत कमी पाळले जाते. किल्ली दुसऱ्याकडे द्यायची म्हटली की आपल्याकडे माणसे अवघडतात.

पाच आठवड्यांनी दोघे संशयित दुसऱ्याच एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत पकडले गेले. त्यांच्याकडून आणि ज्याने माल घेतला त्याच्याकडून पाटल्या, ठुशी व काही चांदी हस्तगत झाली. पाटल्या सांध्यावरून ओळखल्या, ठुशी क्रमांकावरून. मुद्देमाल परत मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात जप्त केलेले सोने विनाकारण अडकवून न ठेवता, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर परत द्यावे असे सांगितले आहे. वकिलांनी त्याचा आधार घेतला. चार महिन्यांनी पाटल्या घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी लॉकरमध्ये गेल्या.

राणीहार, बोरमाळ आणि झुमके वितळवले गेले. त्यांची म्हणून जी सोन्याची लगड जप्त झाली आहे, तिच्यात आणखी दोन घरफोड्यांतले सोने मिसळलेले आहे. लगडीवर तीन फिर्यादींनी हक्क सांगितला आहे आणि कोणाचे किती, हे आता पावत्यांवरच्या वजनांवरून ठरायचे आहे. राणीहाराची पावती वहिनींकडे आहे. बोरमाळ आणि झुमक्यांची नाही. पुढच्या तारखेला त्या पुन्हा तेच लग्नाचे फोटो घेऊन जाणार आहेत.